आठ चुका आणि एक छत्री

फ्रेंचच्या बाईंनी दोन उत्तरपत्रिका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, त्यांच्या कडा जुळवल्या आणि मला म्हणाल्या, "मी आरोप करत नाही. तुम्ही फक्त बघा."

डावीकडची उत्तरपत्रिका माझ्या मुलीची होती. उजवीकडची तिच्या मैत्रिणीची. ही मैत्रीण पेन्सिलींची टोकं कुरतडते, म्हणून आमच्या घरात तिचं नाव खारूताई. सराव परीक्षेत मित्राला पत्र लिहायचं होतं आणि त्यात कोणत्या बारा गोष्टी कळवायच्या ते प्रश्नातच दिलेलं होतं: खिडकी उघडली, चिठ्ठी लिहिली, चावी हरवली वगैरे. त्याखाली काही रिकाम्या जागा भरायच्या होत्या. बाईंनी चुकांभोवती लाल वर्तुळं काढली होती. डावीकडे नऊ, उजवीकडे नऊ. एकावर एक कागद ठेवून उजेडासमोर धरले असते, तर वर्तुळं जवळजवळ एकमेकांवर बसली असती.

"बरोबर उत्तरं सारखी असतात, त्यात नवल नाही," बाई म्हणाल्या. "पण चुकायला शंभर वाटा असतात. या दोघी नऊ वेळा एकाच वाटेने चुकल्या. आणि बसल्याही शेजारी होत्या."

मी पिण्याच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासते. दोन वेगळ्या टाक्यांच्या बाटल्यांत एकच विचित्र आकडा आला, तर आम्ही त्याला योगायोग म्हणत नाही. त्यामुळे बाईंचं म्हणणं मला पटलं. इतकं सहज पटलं, की आई म्हणून थोडी लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही.

"नियम काय आहे?" मी विचारलं.

"कॉपी सिद्ध झाली, तर अंतिम परीक्षेचं प्रवेशपत्र मिळत नाही. फ्रेंच सुटलं, की वर्ष गेलं. परीक्षेला दहा दिवस आहेत, आणि मला शुक्रवारी सह्या करायच्या आहेत."

तो मंगळवार होता.

घरी आले, तेव्हा मुलगी टेबलाशी बसली होती. मला बघताच तिने वही मिटली. निष्पाप माणसंही वह्या मिटतात, हे मला ठाऊक आहे. पण निष्पाप माणसं ती इतक्या हळू मिटत नाहीत.

"बाईंनी बोलावलं होतं," मी म्हणाले. "तुझ्या आणि खारूताईच्या नऊच्या नऊ चुका सारख्या आहेत."

"मग आम्ही दोघी सारख्याच मठ्ठ आहोत."

"बघून लिहिलंस?"

"नाही."

"तिने बघितलं?"

"आई, तू विचारत नाहीयेस. तू फक्त माझा चेहरा वाचतेयस."

"चेहऱ्यावर काही आहे का वाचण्यासारखं?"

"चोराला सोडून संन्याशाला सुळी द्यायची असेल तर दे," असं म्हणून ती आत गेली, आणि पाचच मिनिटांत फोनवर कुजबुज सुरू झाली. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी तिचं दप्तर तपासलं. खारूताईच्या अक्षरातली एक चिठ्ठी सापडली. मनातल्या मनात मी जिंकले. चिठ्ठीत जाणं, येणं, पडणं, जन्मणं, मरणं अशी क्रियापदांची यादी होती. तीच यादी पुस्तकाच्या एकेचाळिसाव्या पानावर चौकटीत छापलेली निघाली. मी चिठ्ठी होती तशी परत ठेवली.

माझा नवरा चष्म्याच्या दुकानासाठी घरातल्या मागच्या खोलीत भिंगं घासतो. त्याने दारातून हा सगळा तपास पाहिला.

"भिंग हवं असेल तर मागून घे," तो म्हणाला. "पण काय दिसायला हवं ते तू आधीच ठरवलेलं दिसतंय."

ते लागलं. लागलं म्हणूनच मी बुधवारी संध्याकाळी रीतसर चाचणी घ्यायची ठरवली.

बारा मराठी वाक्यं लिहिली. त्यांतली निम्मी पत्रातल्यासारखी होती, निम्मी वेगळी. मुलीला स्वयंपाकघरात बसवलं, खारूताईला भिंगांच्या खोलीत. दोन्ही फोन माझ्या पर्समध्ये ठेवले आणि मधल्या बोळात खुर्ची टाकून मी बसले.

"काकू, पाणी प्यायला उठलं तर चालेल?" खारूताईने आतून विचारलं.

"मी आणून देईन."

"आणि शिंक आली तर?"

"किती वेळा येणार आहे, ते आत्ताच सांगून ठेव."

पलीकडच्या खोलीतून फिसकन हसण्याचा आवाज आला. मी त्याचीही वेळ टिपून ठेवली.

अर्ध्या तासाने कागद गोळा केले. मला फ्रेंच येत नाही, पण दोन कागदांची तुलना करायला भाषा यावी लागत नाही. सहा वाक्यांत दोघींनी क्रियापदाच्या शेवटी एकच अक्षर, 'ई', लिहिलं होतं. उरलेल्या सहांत नव्हतं. पुस्तकातले नमुने पाहिले. तिथे ते अक्षर कुठेही नव्हतं. 'मी खिडकी उघडली' याला पुस्तक म्हणतं 'जे ऊव्हेर ला फनेत्र', आणि या दोघी, एक भिंत आणि एक आई मध्ये असताना, लिहितात 'जे ऊव्हेर्त'; ती 'ई' लागली, की आधीचा मुका 'त' ऐकू येतो.

म्हणजे दोघी एकाच माळेचे मणी होत्या, पण दोरा दिसत नव्हता.

"हे इथे का लावलंस?" मी मुलीला विचारलं.

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "खिडकी 'ती' आहे ना? मग उघडलीच म्हणणार. उघडला कसं म्हणू?"

"पण उघडणारी तू आहेस."

"बाबांनी उघडली, तरी उघडलीच की!"

नवरा भिंग पुसत होता, तो थांबला. "मी चावी हरवली," तो स्वतःशीच म्हणाला. "मी बाप्या, पण हरवली. मी डबा हरवला. मी कुलूप हरवलं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अगं, एवढं सगळं हरवलं मी, पण कुठल्याच वाक्यात मला कोणी विचारत नाही. क्रियापद सारखं त्या वस्तूच्याच मागे!"

चाळीस वर्षं मी ही भाषा बोलते आहे आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. काम झालेलं असलं, की आपलं क्रियापद करणाऱ्याला सोडून केलेल्या वस्तूशी जुळतं. फ्रेंचमध्ये, निदान अशा साध्या वाक्यात, तसं होत नाही. मुलींनी शब्द फ्रेंच घेतले आणि सवय घरची ठेवली. मला आणखी एक पुरावा हवा होता, आणि तो त्याच कागदावर होता: 'मी दरवाजा उघडला' या वाक्यातही दोघींनी ती 'ई' लावली होती. आपला दरवाजा पुल्लिंगी, पण फ्रेंच दरवाजा स्त्रीलिंगी. म्हणजे त्यांनी फ्रेंच लिंग अचूक पाठ केलं होतं आणि त्यावर मराठी नियम चालवला होता. मेहनत पुरेपूर केली होती. फक्त ती चुकीच्या पत्त्यावर पोचली होती.

गुरुवारी, मुलींना चूक न सांगताच, उलटी चाचणी घेतली: बारा नवी वाक्यं, सगळ्या वस्तू फ्रेंचमध्ये पुल्लिंगी. एकाही ठिकाणी 'ई' आली नाही.

मी अहवाल लिहायला बसले. नऊपैकी आठ चुकांचा उलगडा झाला होता. नववी मात्र रिकाम्या जागेतली होती: 'पाऊस आला, म्हणून मी माझी ---- उघडली.' तिथे छत्री, म्हणजे 'पाराप्लुई', हवी होती. दोघींनी लिहिलं होतं 'पाराश्यूत'. पावसात दोघींनी पॅराशूट उघडलं होतं, आणि त्याला मराठीचा कुठलाही नियम जबाबदार नव्हता.

"नववी लिहायलाच हवी का?" नवऱ्याने विचारलं. तो क्वचितच इतक्या हळू बोलतो. "आठांनी काम होतंय. बाईंना पटेल. आपल्या पोटची पोर आहे ती."

"नको असलेला आकडा खोडला, तर उरलेल्या आठांवर कोण विश्वास ठेवेल?"

"ही पाण्याची बाटली नाही. एक वर्ष आहे तिचं."

"म्हणूनच."

दार अर्धवट उघडं होतं. पलीकडे मुलगी उभी होती. तिच्या पायांची सावली फरशीवर पडली होती. मी हाक मारली नाही, तीही आत आली नाही. मी नववी ओळ लिहिली: 'दोघींचा चुकीचा शब्द एकच. कारण सापडलं नाही.'

शुक्रवारी बाईंनी अहवाल दोनदा वाचला. मग कपाटातून वर्गाच्या उरलेल्या चोवीस उत्तरपत्रिका काढल्या आणि एकेक उलटत गेल्या. चोवीस मुलांच्या घरी कितीतरी भाषा बोलल्या जातात; मराठी, आणि वस्तूच्या मागे जाणारं क्रियापद, फक्त या दोन घरांत.

"एकातही ही चूक नाही," त्या अखेर म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "पंचवीस वर्षं शिकवते आहे. मला वाटायचं, मुलं निष्काळजी असतात." मग त्यांचं बोट माझ्या शेवटच्या ओळीवर थांबलं. "हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत?"

"ती चूकही होतीच."

"तुम्ही लिहिलं नसतं, तर मी विचारलं नसतं."

"मला तेच वाटलं होतं."

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. बाईंनी आधी खारूताईला आत बोलावलं, छत्रीच्या जागेवर बोट ठेवलं आणि नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिने पेन्सिल तोंडातून काढली.

"मी बघितलं," ती म्हणाली. "तिच्या कागदातलं. एकच शब्द. तिला माहीत नाही. तिची काही चूक नाही."

तिला दुसऱ्या दाराने शेजारच्या वर्गात बसवून बाईंनी माझ्या मुलीला बोलावलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"पाराश्यूत मी बघून लिहिलं," ती म्हणाली. "खारूच्या कागदातलं. बाकी काही नाही. तिला प्रवेशपत्र द्या."

मग बाईंनी खारूताईला परत बोलावून दोघींना समोर उभं केलं.

"तू म्हणतेस, तू हिचं बघितलंस. ही म्हणते, हिने तुझं बघितलं. मग मुळात ते पॅराशूट आलं कुठून? आकाशातून?"

खारूताईला हसू आवरेना, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी मुलगी तिच्याकडे बघत राहिली. तो चेहरा मी या वेळी खरोखर वाचायचा प्रयत्न केला. त्यावर आश्चर्य होतं, एवढंच सांगता येईल.

"कोण खोटं बोलतंय?" बाईंनी विचारलं.

"मी नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

मी मनात शक्यता मांडून पाहिल्या. एक: माझ्या मुलीने बघितलं. दोन: खारूताईने बघितलं. तीन: कोणीच बघितलं नाही, दोघींना शब्दाचं पहिलं अर्धं आठवलं आणि दुसरं अर्धं ओळखीचं होतं ते जोडलं, मात्र प्रत्येकीला मनातून खात्री होती, की दुसरीने चोरलं, आणि तिला वाचवायला ती स्वतः चोर झाली. तिसरी शक्यता मला सर्वांत आवडली. एखादी शक्यता आवडली, की तिच्यापासून सावध राहायला हवं, हे मी नोकरीत शिकले आहे.

बाईंनी टेबलाचा खण उघडला. प्रवेशपत्रं वर्णक्रमाने लावलेली होती. त्यांनी दोन बाहेर काढली.

"दोघींपैकी कोणाला शिक्षा करायची, ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या, "आणि एका शब्दासाठी दोघींचं वर्ष मी घेणार नाही. त्या जागेला तसाही शून्य आहे. परीक्षेत एक पहिल्या बाकावर बसेल, एक शेवटच्या. आणि सोमवारपर्यंत मला चाळीस वाक्यं हवीत, त्या 'ई'शिवाय. वेगवेगळ्या घरी बसून लिहायची."

त्यांनी दोन्ही प्रवेशपत्रांवर सही केली. दुसऱ्या सहीआधी पेन जरा वेळ कागदाच्या वर थांबलं. मुलीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की तिच्या नखांच्या खुणा दुसऱ्या दिवशीही दिसत होत्या.

परीक्षा झाली. एक पहिल्या बाकावर होती, एक शेवटच्या. मधे सहा बाकं आणि बाई. त्यानंतर मी दोघींना वेगवेगळं गाठून विचारलं, आता तरी खरं सांगा, त्या दिवशी कोणी बघितलं. मुलीला भांडी पुसताना विचारलं, खारूताईला तिच्या दारात. दोघी म्हणाल्या, "कोणीच नाही." आठवड्याने पुन्हा विचारलं. दोघींनी तेच उत्तर दिलं, अगदी त्याच शब्दांत, आणि म्हणूनच माझा त्यावर विश्वास बसत नाही.