जात्यावर घेतलेलं नाव

सोनबा पुनावळ्याच्या दौलतरावांचा सालगडी, बीडकडून आलेला. दौलतरावांची धाकटी बहीण इंदू मळ्यात न्याहारी घेऊन जायची, त्यात दोघांचा जीव जडला. वैशाखात दोघं पळून निघाली, ती पवना नदीच्या उतारापर्यंतच पोचली. दौलतरावांनी सोनबाला कुऱ्हाडीनं तोडलं, डोहात लोटलं आणि बहिणीला फरफटत घरी आणलं. इंदूनं अन्नपाणी सोडलं. मरण्याआधी दौलतरावांच्या बायकोला, सुभद्राबाईला, तिनं सगळं सांगितलं.

गडी पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला, असं दौलतराव गावाला सांगत. गडीमाणसं मान डोलवत. जात्यावर मात्र बायका वेगळंच गात. पहिली ओवी सुभद्राबाईनं रचली होती.

दिवाळीनंतर सोनबाची आई मंजुळाबाई पोराला शोधत आली. असा कुणी इथं नाही म्हणून कारखान्याच्या फाटकावरून तिला परत पाठवलं होतं.

"गेला आसंल दुसरीकडं," दौलतराव म्हणाले.

म्हातारी ओट्यावरून उठेना. सुभद्राबाईनं तिला भाकरी दिली, गोठ्यात अंथरूण दिलं. पण तोंडानं काही सांगवेना. पहाटे दौलतराव मोटेवर गेले, तशी तान्ह्या लेकाला पाळण्यात निजवून सुभद्राबाईनं हाक मारली, "आत्याबाई, दळायला जरा हात लावता का?"

दोघींनी खुंटा धरला. सुभद्राबाई गाऊ लागली.

पवनेचा गं डोह, वरून दिसं निवळ
तळाला निजलं कुण्या माउलीचं बाळ

मालकाची बहीण गड्यासंगं गं निघाली
उतारावरती बाई, कुऱ्हाड चालली

मंजुळाबाईचा हात थांबला.

"माझंच का गं ते?"

"व्हय."

"कुऱ्हाड कुणाची?"

सुभद्राबाईनं लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. तिनं पदर सावरला. "दौलतरावांची," ती म्हणाली.

म्हातारी रडली नाही. "सरकारात सांगशील?"

"सांगंन."

पुण्याच्या कोर्टात तिनं ते नाव पुन्हा घेतलं. दौलतरावांना जन्मठेप झाली. दिरानं तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. तिचा तान्हा लेक मात्र ठेवून घेतला. मंजुळाबाई तिला म्हणाली, "चल माझ्यासंगं." ती गेली नाही. लेकापासून फार लांब जायला नको म्हणून तिनं दापोडीत खोली घेतली, लोकांची धुणीभांडी धरली. आठवड्याला पुनावळ्याला चालत जायची, वेशीवर उभी राहायची. लेकाला आणून दाखवतील, असं तिला वाटायचं. कुणी आणलं नाही.