कोऱ्या चिठ्ठीचा फुलकिडा

जळगाव जामोदमध्ये कोणाला सांगून पाहा की अमक्याची मुलगी थ्रिप्सवर पीएचडी आहे. समोरचा लगेच विचारणार, मग कोणतं औषध मारू? कपाशीवर, मिरचीवर येणारी ही तिळाहून बारीक कीड लोकांना फक्त फवारणीपुरती ठाऊक. पुस्तकात तिला फुलकिडे म्हणतात. त्यांच्या हजारो जाती आहेत, आणि त्यातल्या कितीतरी कोणाच्या अध्यात ना मध्यात, कुठल्याशा झाडाच्या पानात आयुष्य काढतात. हे ऐकून घ्यायला कोणाला वेळ नसतो.

दयाराम इंगळेंना होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या बारा गावांत त्यांनी बत्तीस वर्षं टपाल वाटलं होतं. निवृत्त झाले आणि चार महिन्यांत घरात बसून इतके चिडचिडे झाले की सिंधूताईंनीच लेकीला फोन लावला, "तुया बाबाले काही तरी काम दे वं माय, नाही तं मी पागल होते."

लेक सुवर्णा खामगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिने बाबांना एक पांढरं ताट, एक बारीक ब्रश आणि अल्कोहोल भरलेल्या काचेच्या कुप्या आणून दिल्या. फांदीखाली ताट धरायचं, वरून काठीने दोनदा टपटप करायचं, ताटात काही सरपटताना दिसलं की ओल्या ब्रशाच्या टोकाने उचलून कुपीत सोडायचं. मग चिठ्ठीवर गाव, झाड, तारीख पेन्सिलीने लिहून ती चिठ्ठी त्याच कुपीत टाकायची. वेगळी वही ठेवायची नाही, हेही तिनेच बजावलं होतं. दोन ठिकाणी लिहिलं की घोळ होतो.

"पेन्सिलनं?" बाबांना ते काही पटेना. "पेन्सिलनं लिहिलेलं काय खरं वं? उद्या कोणी खोडलं तं?"

मनीऑर्डरवर कोणी पेन्सिलीने सही केली तर फॉर्म परत करणारा हा माणूस. तरी लेकीचा शब्द म्हणून त्यांनी पेन्सिल हातात घेतली. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, एवढं एक वाक्य सुवर्णाने सांगायचं राहिलं. शिकवणाऱ्या माणसांची ही खोडच असते. नियम दहादा सांगतील आणि कारण स्वतःपाशी ठेवतील.

दोन वर्षं बाबांचा जीव रमला. शेतात कोणी टोकायचं, "दयारामजी, झाडाले काऊन मारून राह्यले?" तर हे म्हणायचे, "टपाल आलं काय, पाहून राह्यलो!" पुन्हा बारा गावं, पुन्हा तीच सायकल. कधी बहिणीकडे, जनकाबाईकडे साखरखेर्ड्याला गेले तरी ताट पिशवीत असायचंच.

ऑगस्टात साखरखेर्ड्याहून परतल्यावर एका दुपारी त्यांचा फोन आला. आल्या आल्या ते दोन दिवस पायथ्याकडेही भटकून आले होते.

"सुवर्णा, एक येगळंच सापडलं वं. पान असं गुंडाळलेलं, अन् त्याच्यात अख्खं खटलं नांदून राह्यलं. तुले सांगतो, ते झाड..."

सुवर्णापुढे तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता. "बाबा, चिठ्ठीत लिहा ना सगळं. मंग पाहते मी."

"बरं बरं. पक्कं लिहितो."

पक्कं म्हणजे पेनाने. वेगळं सापडलं म्हणूनच, मुद्दाम, पेनाने.

कुपी सप्टेंबरात आली आणि टेबलाच्या खणात गेली. परीक्षा होत्या, कॉलेजात तपासणी समिती यायची होती, कारणं काय, मागाल तितकी असतात. डिसेंबरात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. दुसरा झटका कधीही येऊ शकतो, हेही म्हणाले. महिनाभराने एकच शब्द परत आला, "हाव", म्हणजे हो. तो ऐकून सिंधूताईंनी गल्लीत पेढे वाटले.

फेब्रुवारीत सुवर्णाने ती कुपी उघडली. किडे काचपट्टीवर बसवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतच राहिली. मिशांचे सांधे, पाठीवरच्या केसांची जागा, झालरीसारखे पंख, सगळं पंधरा दिवस मोजत बसली. कुठल्याच नोंदलेल्या जातीशी जुळेना. बेंगळुरूच्या तिच्या सरांना तिने फोटो पाठवले, तर दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. नवीन आहे, अभिनंदन, झाड कोणतं आणि गाव कोणतं?

तिने चिमट्याने चिठ्ठी बाहेर काढली. कोरी. कुपीतलं अल्कोहोल तेवढं किंचित निळसर झालं होतं. ती प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून मोठमोठ्याने रडली. शिपाई धावत आला, त्याला वाटलं बाबाच गेले.

सरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "झाड नाही, गाव नाही, तर हा किडा पुन्हा कोणाला सापडणार कसा? असं वर्णन मी छापा म्हणणार नाही."

नाव तर तिचं ठरून गेलं होतं, दयारामी. नव्या जातीला नाव देणाऱ्याने स्वतःचं नाव देणं शोभत नाही, पण बापाचं देता येतं. तो छापलेला कागद बाबांच्या हातात द्यायचा होता, ते आहेत तोवर. त्यांच्या बत्तीस वर्षांत त्यांच्या नावाचं असं टपाल कधी आलं नव्हतं.

ती जळगाव जामोदला गेली, बाबांच्या खाटेशी बसली. "बाबा, ते गुंडाळलेल्या पानातले किडे. पायथ्याच्या सुनगावचे का?"

"हाव."

"धावड्याच्या झाडावरचे?"

"हाव!" आणि डावा हात त्यांनी तिच्या हातावर आपटला. डोळे काय चमकले त्यांचे!

सुवर्णाने त्याच दिवशी सरांना कळवून टाकलं. मग तीन रविवार सुनगावच्या शिवारात धावड्याच्या फांद्या बडवल्या. एकही गुंडाळलेलं पान नाही, एकही किडा नाही. उन्हाने नाक सोललं. चौथ्या रविवारी सिंधूताई चुलीशी बसल्या बसल्या हळूच म्हणाल्या, "सुवर्णा, तुले सांगू का नको असं झालं मले. तुये बाबा सगळ्यालेच हाव म्हणते वं. काल इचारलं, जेवले का? हाव म्हणे. ताट तं तसंच झाकलेलं होतं."

सुवर्णा उठून बाबांकडे गेली. साखरखेर्ड्याचं का? हाव. करंजावरचं? हाव. अंजनावरचं? हाव. प्रत्येक हाव तितकाच खणखणीत, तितकाच आनंदाचा. लेक विचारते आहे, तिला काही तरी द्यायचं आहे, आणि देण्याजोगा घरात एवढा एकच शब्द शिल्लक आहे.

इथे तिने थांबायला हवं होतं. पण वैतागलेलं माणूस थांबत नाही, खात्री करायला जातं.

"बाबा," ती म्हणाली, "हे किडे तुम्ही काश्मीरहून आणले का?"

"हाव!"

सुवर्णा हसली. हसू नव्हतंच ते, रडणं चुकून त्या वाटेने बाहेर पडलं. पण बाबांनी हसू पाहिलं. ते तिच्याकडे बघत राहिले. काश्मीर त्यांच्या कानात उशिरा पोचलं असावं. डॉक्टर खोटं बोलले नव्हते, त्यांना समजत सगळं होतं. लेकीने आपल्याला चाचपून पाहिलं आणि आपण चुकीच्या पत्त्यावर टपाल टाकून मोकळे झालो, हेही समजलं. त्यांचा डावा हात तिच्या हातावरून सावकाश मागे गेला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि ते पुसायला त्यांनी तिला जवळ येऊ दिलं नाही.

"बाबा, तसं नव्हतं माह्या मनात," ती म्हणत राहिली. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

खामगावला परतल्यावर तिने सरांना लिहिलं, धावडा आणि सुनगाव खोडा, मला ठाऊक नाही. काचपट्ट्या पेटीत ठेवल्या. त्यांच्यावर नाव नाही, गाव नाही, नुसता आकडा आहे. सर म्हणाले, शोधत राहा, पुढेमागे सापडेल. सापडेलही. ती दर पावसाळ्यात ताट घेऊन फिरणार आहे. पण तिला खरं दुःख किड्याचं उरलेलं नाही.

त्या रविवारपासून बाबांनी हाव म्हणणं सोडलं. सिंधूताई विचारतात, चहा ठेवू का, पाणी देऊ का, कड बदलू का. ओठ जरा हलतात आणि मिटतात. चुकेल म्हणून ते आता उत्तरच देत नाहीत. शेवटी सिंधूताईंनी विचारणं बंद केलं. चहा आणि पाणी दोन्ही शेजारी ठेवून देतात, जे हवं ते बाबा डाव्या हाताने उचलतात.

सुवर्णा खोलीत असली की काहीच उचलत नाहीत.