पावगाडीचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी पावगाडी आहे आणि माझ्या मनात राग आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुमची निराशा व्हायला नको.

एका सुताराने रंधा मारून माझी फळी गुळगुळीत केली, एका लोहाराने चाकांचा आस घडवला. दोन मोठी चाकं, ढकलायला दांडा आणि वर झाकणाची पेटी. निळा रंग मामींनी दिला. मामी म्हणजे आमच्या पाववाले मामांची बायको. मामा भट्टी सांभाळत आणि मामी पेटीत पाव रचत. मग मामा मला घेऊन गल्लोगल्ली फिरत. रविवारी मात्र फेरी लवकर आटोपून दोघं चर्चला जात. मामींचा आवाज काही फार गोड नव्हता, पण त्या गायच्या मात्र मोकळ्या गळ्याने.

माझं कौतुकही खूप झालं. समोरचा किराणा दुकानदार तर रोज माझ्या झाकणावर थाप मारून म्हणायचा, "मामा, गाडी काय टकाटक ठेवलीय!" मला तो माणूस आवडायचा. आता ते आठवलं की माझीच मला चीड येते.

मग तापाची साथ आली. आमच्या गल्लीत सगळ्यात आधी मामीच आजारी पडल्या. रुग्णवाहिका मिळेना. दुकानदाराकडे माल आणायचा टेंपो होता. मामा त्याच्या खिडकीखाली उभे राहिले.

"किल्ली फक्त खाली टाका. चालवतो मी."

"मामा, हात जोडतो, इथं थांबू नका," दुकानदार वरून म्हणाला. "माझी म्हातारी आई आहे घरात."

"हिला श्वास लागलाय हो!"

"आणि तोच टेंपो मग मी परत दारात उभा करू?" त्याने खिडकी लावून घेतली. आतून कडी सरकल्याचं मी ऐकलं.

मामांनी माझी पेटी उतरवली, फळीवर गादी टाकली आणि मामींना निजवलं. दवाखाना पुलापलीकडे, लांब. मामा धावतच होते. खड्ड्यात दणका बसला तशा मामी म्हणाल्या, "हळू हो! इतकी वर्षं पाव पोचवताय, ते बरे जपून नेता!" मामा हसले. हसताना त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या दांड्यावर पडलं.

तिसऱ्या दिवशी मामी गेल्या.

मामा एकटेच मला ढकलत परत आले, तर भट्टीच्या दारावर तापाच्या घराची खूण म्हणून कुणीतरी चुन्याची मोठी फुली मारलेली. तेवढ्यात तोंडाला फडकं बांधून दुकानदार आला. त्याने लांबूनच बांबू लावून मला गटारात लोटलं. "ही गाडी इथं नको. तापाची आहे ही!" माझं डावं चाक वाकलं आणि आसाची खीळ ढिली झाली. मामा आत गेले आणि त्यांनी दार लावलं.

बारा दिवस मी गटारात पडून होते. मित्रांनो, त्या बारा दिवसांत मी दुकानदाराला नाही नाही ते शाप दिले. तुझ्या घरात ताप शिरो. तू खिडकीतून हाका मारत राहशील आणि वर बघायलाही कुणी थांबणार नाही. मामींसारखा तूही तळमळशील.

तेराव्या दिवशी सकाळी मामा हातोडा घेऊन बाहेर आले. मला ओढून काढलं आणि ठोकून ठोकून चाक सरळ केलं. घाव असे जोरात घालत होते, की ते चाकावर नसून दुसऱ्याच कुणावर असावेत. तेवढ्यात समोरची खिडकी उघडली. दुकानदाराची बायको रडत होती.

"मामा, दोन दिवस झाले, हे तापाने फणफणलेत. आता हाकेला ओ देत नाहीत. ड्रायव्हर टेंपो घेऊन गावी पळालाय. कुणीच येत नाही हो!"

मला इतका आनंद झाला, की काय सांगू! मामा दुकानापर्यंत गेले. हातोडा हातातच होता. मी मनात म्हटलं, घाला! निदान त्याच्या दारावर तरी एक घाला!

हातोड्याची मूठ आवळून त्यांची बोटं पांढरी पडली होती. मग म्हणाले, "वहिनी, मी याला माफ केलेलं नाही. उगाच गैरसमज नको."

"मग?"

"मग काय? दार उघडा. मी खांद्याकडून धरतो, तुम्ही पाय धरा."

ज्या फळीवर मामी निजल्या होत्या, तिच्यावर तो माणूस! मला अंगठा असता, तर मी तो त्याच्या डोळ्यात घातला असता. पुलानंतरच्या उतारावर माझी ढिली खीळ निसटली. मी ती मुद्दाम सोडली, असं म्हणवत नाही. पण धरूनही ठेवली नाही. डावं चाक निखळलं, मी कलंडले आणि दुकानदार रस्त्यावर घसरला. त्यानेच वाकवलेलं चाक! माझा सूड पुरा झाला होता.

मामांनी त्याला पाठीवर घेतलं. त्याचा तापलेला गाल त्यांच्या मानेवर. तो पुटपुटला, "मामा, मला टाकू नका."

"गप पडा," मामा धापा टाकत म्हणाले. "मला हिला पुन्हा भेटायचंय. मेल्यावर भेटणारच, अशी आमची खात्री आहे. भेटल्यावर हिने विचारलं, समोरच्याचं काय केलंत, तर मी कुठलं तोंड दाखवू?"

माझ्या सुडाचं ओझं त्या वाकलेल्या पाठीवर गेलं. मी रस्त्याच्या कडेला आडवी पडून ते बघत होते. पुढे कायमची त्यांची कंबर धरली, ती त्या दिवसापासून.

दुकानदार वाचला. दवाखान्यातून परतताना मामांनी माझं चाक पुन्हा बसवलं आणि मला घरी आणलं. घरी आल्यावर एका दुपारी तो भट्टीपाशी येऊन खाली मान घालून उभा राहिला. "मामा, मामींना... मी त्या दिवशी..."

"ते राहू द्या," मामा म्हणाले. "आज माझ्याने वाकवत नाही. दांडा धरा. मागच्या गल्लीत शाळेच्या बाई तापाने पडल्यात आणि त्यांचे शेजारी दार उघडत नाहीत."

दुकानदाराने दांडा धरला. त्याला भीती वाटत होती, पण त्याने सोडला नाही. साथ संपेपर्यंत आम्ही एकोणीस जणांना नेलं. सोळा जण आपल्या पायांनी घरी आले.

आता मी भट्टीच्या पडवीत उभी असते. माझ्या आसाला तेल मिळत नाही, निळा रंग पोपडे धरून गळतो आहे. मामांनी दुकानदाराला मनातून माफ केलं की नाही, ते मला ठाऊक नाही. मी केलेलं नाही. त्याची चाहूल लागली, की अजून माझी फळी ताठरते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या गाड्यांना तेलपाणी करत जा आणि कुलूप न लावता दारात ठेवा. कुणाला कधी लागतील, सांगता येत नाही. राग आला तर माझ्यासारखा येऊ दे, पण दांडा मामांसारखा धरा.