डोक्यावरचा पदर

“मावशी, कपडा बदलला की मला दाखवायचा. धुवायचा नाही, लपवायचा नाही. कळलं का?”

“व्हय की, शिस्टर,” गोजाबाई म्हणाल्या. नजर मात्र दाराकडे.

वॉर्डाच्या दाराबाहेर बाकावर त्यांचे व्याही हरिबा आणि जावई अजिंक्य बसले होते. गोजाबाईंची लेक अंकिता सकाळीच बाळंत झाली होती. मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून टेंभुर्णीहून लेकीला घेऊन त्याच सोलापूरला आल्या होत्या. व्याह्यांसमोर त्या पदर इतका पुढे ओढायच्या, की आता कुठल्या तरी खाटेला धडकणार असं मला वाटायचं.

बाकीच्या बायका बघून मी परत आले. अंकिताचा कपडा जवळजवळ कोरडा होता. बरं वाटलं मला. मग अंकिता जांभया द्यायला लागली.

“आई, लई तहान लागलीय गं.”

तिचे ओठ पांढरे पडले होते. हात धरला, तर गार. सोलापूरच्या मे महिन्यात गार हात. पोट दाबून पाहिलं. बाळंतपणानंतर गर्भाची पिशवी आकसून घट्ट व्हायला हवी, ती मऊच लागली.

“मावशी, खरं सांगा. कितीदा बदलला?”

गोजाबाईंनी खाटेखालचं गाठोडं पायानं आणखी आत सारलं. मीच वाकून ओढलं. नातवंडाच्या दुपट्यांसाठी घरून आणलेलं जुनं, मऊ लुगडं होतं ते. फाडून फाडून सगळं वापरलं होतं. सगळं रक्तानं भिजलेलं.

“टाकायला त्येंच्या म्होरनं जावं लागतंय,” त्या पुटपुटल्या. “व्याही हायती. अन् बाळंतिणीला जातंच की रगत.”

असा राग आला मला. पण रागवायला वेळ कुठला? इंजेक्शन टोचलं आणि पोट चोळत, दाबत राहिले. हात काढायची सोय नव्हती.

“मावशी, पळा. व्हरांड्याच्या त्या टोकाला डॉक्टर मॅडम आहेत. हे सगळं त्यांना दाखवा.”

गाठोड्याची गाठ सुटली होती. गोजाबाईंनी ते लुगडं तसंच दोन्ही हातांनी कवेत उचललं आणि निघाल्या. दारातच डोक्यावरचा पदर खाली आला. सावरायला हात मोकळा नव्हता. व्याह्यांच्या समोरून, जावयाच्या समोरून, बसलेल्या सगळ्या पुरुषांमधून त्या तशाच गेल्या.

मॅडमनी नंतर मला सांगितलं, गोजाबाई फक्त एवढंच बोलल्या, “माज्या लेकीचं हाय. मी लपवलं. चला.”

मॅडम धावत आल्या. बाटल्या चढल्या, औषधं झाली. पिशवी काढावी लागते की काय, अशी वेळ आली होती. शेवटी ती माझ्या हाताखाली घट्ट झाली आणि रक्त थांबलं. मला रडूच आलं.

सांगायला बाहेर गेले. गोजाबाई नातीला मांडीवर घेऊन बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. डोकं अजून उघडंच.

“वाचली तुमची लेक,” मी म्हटलं.

हरिबा उठले. खांद्यावरचा धुतलेला टॉवेल काढून, तोंड दुसरीकडे वळवून त्यांनी तो बाकावर ठेवला.

“घ्या, इहीनबाई.”

आता डोक्यावर घेतील, असं मला वाटलं. गोजाबाईंनी टॉवेल उलगडला. दुपट्यांना कापड उरलं नव्हतं. त्यांनी नातीला त्यात नीट गुंडाळलं.