देवळामागची वाट आणि मी

मित्रांनो, मी एक जुना जीपीएस आहे. मला गळ्यात अडकवून चालू लागलं, की चाललेल्या वाटेची रेघ माझ्यात उमटते. कारखान्यातून निघालो खरा, पण मला जीव लावला तो फुसाए मुराकीने.

फुसाए ही जपानमधल्या किरिउरा या समुद्राकाठच्या गावची निवृत्त पोस्टवाली. मोठ्या कंपनीच्या नकाशात तिच्या गावाला एकच डांबरी रस्ता होता. म्हणून तिने इंटरनेटवरचा दुसरा नकाशा धरला, सगळ्यांनी मिळून काढायचा. त्यात कुणीही वाट भरावी, कुणीही चूक सुधारावी. चार वर्षं आम्ही पायऱ्या, विहिरी, देवळामागची पायवाट, सगळं पालथं घालून त्यात उतरवलं.

शाळेत तिच्या वर्गात असलेला, गावातलाच तोकुजी चिडवायचा, "फुसाए, नऊ घरं उरलीत गावात. नकाशा काय रानडुकरांना दाखवणारेस?"

"त्यांना वाटा पाठ आहेत. साके प्यायलास की तूच चुकतोस!"

मग भूकंप झाला. डांबरी रस्ता समुद्रात गेला. बचाव पथक आमच्या नकाशावरून देवळामागच्या वाटेने आलं आणि अकरा माणसं वाचली. वर्तमानपत्रातल्या फोटोत फुसाएच्या गळ्यात मीही होतो.

पुढे रस्ता दुरुस्त झाला, पण फुसाएचे गुडघे गेले. ती शहरात वृद्धाश्रमात आली. मी तिच्या खाटेच्या दांडीला लटकून राहिलो. बरीच वर्षं मला कुणी सुरू केलं नाही.

एका सकाळी तोकुजी आला. खुर्ची असून उभाच राहिला.

"नवीन नर्स होत्या, ओकाबेबाई. मला इंजेक्शन द्यायला येत होत्या. नकाशात जवळची दिसली म्हणून देवळामागची वाट धरली. ओढ्यावरचा पूल नव्हताच. धुक्यात कळलं नाही त्यांना. ओढ्यात पडून गेल्या."

"पूल कधी पडला?"

"जूनच्या पावसात. मी पाहिला होता."

"आता ऑक्टोबर आहे, तोकुजी."

"वाटलं, कुणीतरी नकाशात टाकेल."

"कुणीतरी म्हणजे कोण रे?" फुसाए म्हणाली. मग हळूच, "मी तरी कुठे विचारलं कधी?"

तिने त्याचा फोन मागून घेतला. बोट चार वेळा चुकलं. पाचव्यांदा तिने देवळामागच्या वाटेची, स्वतःच काढलेली रेघ पुसली. तोकुजी खिडकीकडे तोंड करून रडत होता.

मित्रांनो, माझी बॅटरी आता चार्ज होत नाही. मी कुठे जायचा नाही. तुम्ही मात्र चालता. वाट खचलेली दिसली, तर तिथेच उभं राहून नकाशात लिहा. मागून येणाऱ्याला तुमचं नावही ठाऊक नसतं, तरी तो तुमच्या रेघेवर विश्वासाने पाऊल टाकतो.