कुंकवाचा डाग

घाबरू नका, मी रिकामा आहे. सहाही घरं मोकळी. मी एक जुना रिव्हॉल्वर, नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीत खाकी पाकिटात पडलोय, आणि तिथूनच बोलतोय.

जन्म कानपूरच्या कारखान्यातला. पहिला मालक कंत्राटदार होता. त्यानं कधी गोळी झाडली नाही, पण लग्नाच्या पंगतीला बसताना शर्ट मुद्दाम वर सरकवायचा, म्हणजे कमरेचा मी चारचौघांना दिसावा. माणसांना हत्यार वापरण्यापेक्षा मिरवण्याचीच हौस दांडगी. तो गेला आणि मुलांनी मला हत्यारांच्या दुकानात विकायला दिलं. तिथं काचेआड मी वर्षानुवर्षं धूळ खाल्ली. गिऱ्हाईक यायचं, मला बघून नाक मुरडायचं आणि नवं कोरं मागायचं.

मग हौसेराव आले. साताऱ्याकडचे. फौजेत हत्यारं दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली आणि निवृत्तीनंतर नेरूळला सिडकोच्या दोन खोल्यांत राहिले. त्यांनी माझा घोडा ओढला, कानाशी धरून आवाज ऐकला आणि दुकानदाराला म्हणाले, "ह्यो चांगला हाय. नुसता तेलाला उपाशी हाय."

मी पडेल भावात गेलो, पण त्या दिवशी मला कृतकृत्य वाटलं. पुढे त्यांनी माझ्यासारखेच टाकलेले आणखी दोघे आणले. तेव्हा एका परवान्यावर तीन हत्यारं चालायची. दर रविवारी वर्तमानपत्र अंथरून हौसेराव आम्हा तिघांना तेल द्यायचे. मी पहिला आलेला, म्हणून मला ‘थोरला’ म्हणायचे.

खंडेनवमीला शकुबाई, म्हणजे त्यांची बायको, आम्हाला पाटावर मांडायची. झेंडूची फुलं, हळद, आणि ओलं केलेलं कुंकू. मान थोरल्याचा, म्हणून सगळ्यांत मोठा टिळा माझ्या नळीवर. पूजलेलं हत्यार दसऱ्याची आरती होईपर्यंत हलवायचं नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज. हौसेराव दरवर्षी कुरकुरायचे, "अगं, ओल्या कुंकवानं गंज धरंल."

"आवं, देवाच्या कुंकवानं कुनाचं वाईट हुतंय व्हय?" शकुबाई म्हणायची. एवढा कसबी माणूस, पण बायकोचं हे बोलणं ऐकून स्वतःच कुंकवाची वाटी तिच्यापुढे सरकवायचा. आणि खरं सांगू? मलाही तो टिळा हवासाच वाटायचा.

वर्षं गेली. टिळ्याखालचं पोलाद हळूहळू गंजत गेलं, तिथं तांबडा डाग पडला. मग कायदा बदलला. एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येणार, तिसरं जमा करायचं.

हौसेरावांनी आम्हाला वर्तमानपत्रावर मांडलं आणि भिंग घेऊन एकेकाला तपासलं. माझ्या नळीवर त्यांचं बोट थांबलं. "ह्याला खड्डा पडलाय," ते म्हणाले.

"थोरला नका देऊ," शकुबाई कळवळून म्हणाली. "दुसरा कुटला बी द्या."

"हत्यार बघून ठरवायचं असतं. माया बघून न्हाई."

बोलले खरे, पण नंतर भिंतीकडे तोंड करून बसले ते जेवायलाही उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी इथं आलो. मला राग आला नाही. फार वाईट मात्र वाटलं, आणि अजून वाटतं.

निवडणुकीच्या काळात परवान्याची हत्यारं ठाण्यात ठेवावी लागतात, म्हणून विधानसभेच्या वेळी घरच्या त्या दोघांना तात्पुरतं जमा करायला हौसेराव आले. पाठ वाकली होती. दिलीप नावाच्या हवालदाराला त्यांनी विचारलं, "त्या थोरल्याला कुनी तेल देतं का?"

"काका, इथं माणसाला टायमावर चहा नाय मिळत," हवालदार हसला. हौसेरावही हसले. दाराबाहेर जाताना त्यांनी दोनदा वळून पाहिलं. निवडणूक झाल्यावर ते दोघे घरी गेले आणि मी राहिलो.

गेल्या महिन्यात ते दोघे परत आले. या वेळी त्यांना हौसेरावांचा मुलगा यशराज घेऊन आला होता. हातात मृत्यूचा दाखला. "मला लायसन नको. घरात नसतं टेन्शन नको," तो म्हणाला. त्यात त्याचं काही चुकलं नाही.

त्याच्या मागे शकुबाई उभी होती. कपाळ मोकळं. तिनं खूप विनवलं, तेव्हा मोनाली नावाच्या पोलीस बाईनं मला पाकिटातून काढून तिच्यापुढे धरलं. शकुबाईनं डागावर अंगठा ठेवला.

"माज्याच कुंकवानं तुला घराभाईर काडलं रं," ती म्हणाली. मग पदरानं नळी पुसत राहिली. "जायच्या आदल्या दिवशी इचारत हुते. थोरल्याला तेल दिलं का म्हनून. मी व्हय म्हनलं. खोटं बोलले."

आता आम्हा तिघांच्या नावापुढं ‘नष्ट करणे’ असं लिहिलंय. भट्टीची मला भीती नाही, लोखंडाचा जन्मच तिथला. एकच मागणं आहे. पाठवण्याआधी कुणी मला साफ करायला घेतलंच, तर नळीवरचा तो डाग तेवढा घासू नका. शकुबाईच्या कपाळावरचं कुंकू गेलं. तिनं लावलेलं एवढंच आता उरलं आहे.