चाळिशीत डोळे मिटले

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या बाईचा कुणाच्या शब्दावर भरवसा नसे. गिऱ्हाईक म्हणालं घड्याळ बंद आहे, तरी ती आधी कानाला लावून पाही. त्यामुळे डॉक्टरने विचारलं, "आईकडे आधी कुणाचे डोळे गेले होते का?" तेव्हा ती मावशीकडे न जाता जन्ममृत्यू नोंदणीच्या कार्यालयात गेली.

गरज मोठी होती. बारीक स्क्रू तिला कडेने दिसेनासे होऊ लागले होते. आजार घराण्यातला असेल तर उपचार वेगळा, आणि पंधरा वर्षांच्या लेकीलाही आताच तपासायला हवं, असं डॉक्टरने बजावलं होतं.

बापाकडच्या सात पिढ्या काका झोपेतसुद्धा म्हणून दाखवत. आईकडच्या बायकांचा इतिहास मात्र एका ओळीत आटपे: पणजीने चाळिशीत डोळे मिटले, आजीनेही चाळिशीतच मिटले. आई तर तरुणपणीच तापाने गेली. उरली मावशी, आणि ती ताकास तूर लागू देत नसे.

कारकुनाने जुनं दप्तर उघडलं. मरतेवेळी आजीचं वय सहासष्ट. पणजीचं एकाहत्तर.

"चूक असेल," ती म्हणाली.

"बाई, एकदा होते चूक. मायलेकींची दोघींची कशी होईल?"

कुठेतरी पाणी मुरत होतं. बसची वाट बघताना एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला. मेल्या असं घरात कुणी म्हटलंच नव्हतं! डोळे मिटले, एवढंच म्हणत. पुढचं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. तिला असा संताप आला की समोरून बस गेली तरी तिने हात केला नाही.

मावशी गुडघ्यांचं निमित्त करून चार वर्षं घराबाहेर पडली नव्हती. भाचीने तिच्या हातात एक कागद दिला.

"आजीचा मृत्यूचा दाखला. वाच."

मावशीने चष्मा चढवला, कागद लांब धरला, मग जवळ आणला. "मेल्यांनी सगळं चुकीचं लिहिलंय. आई चाळिशीतच गेली."

"मावशी, कागद कोरा आहे."

मावशीने चष्मा उतरवला. "माझे उशिरा गेले गं," ती म्हणाली. "पण आईचं कळलं असतं तर आम्हा बहिणींना कुणी पदरात घेतलं असतं? तिला आतल्या खोलीत ठेवली."

भाचीला राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली.

"लेकीला सांगणार आहेस?" मावशीने विचारलं.

"सांगणार की. तिची परीक्षा होऊ दे."

"आमची आईही असंच म्हणायची. आधी परीक्षा होऊ दे, मग लग्न होऊ दे."

भाचीने तिथूनच लेकीला फोन लावला. घरी पोचेपर्यंत आपण आणखी एखादं कारण काढू, हे तिला कळून चुकलं होतं.

"आत्ताच्या आत्ता मावशीआजीकडे ये," ती म्हणाली.